दारातला जुना ट्रॅक्टर भंगारात द्यायचा? थांबा, गवत-पाचट गोळा करायला तो अजूनही पुरेसा आहे

चिंचवडहून तळवडे किंवा मोशीमार्गे चाकणकडे निघालं की दोन्ही बाजूंना कंपन्यांची शेड, गोदामं आणि कंटेनरच्या रांगा दिसतात. पण मुख्य रस्ता सोडून थोडं आत वळलं की चित्र बदलतं. ऊस, कांदा, घासाचे वाफे, गोठे आणि शर्यतीच्या बैलांचे मांडव. आणि बऱ्याच घरांसमोर, चिंचेच्या किंवा लिंबाच्या झाडाखाली, एक जुना ट्रॅक्टर. रंग उडालेला, सीट फाटलेली, पण सेल मारला तर अजूनही सुरू होणारा.

घरात नवा ट्रॅक्टर आला की या जुन्याचं काय करायचं हा प्रश्न येतोच. नांगरटीला तो दमतो, रोटाव्हेटरला पुरत नाही, आणि भंगारवाला वजनावर भाव सांगतो. पण शेतातलं एक काम असं आहे, जे या म्हाताऱ्या गड्याला आरामात झेपतं. ते म्हणजे कापून पडलेलं गवत, पेंढा किंवा उसाचं पाचट ओढून त्याच्या ओळी लावणं. या कामाच्या अवजाराला बाजारात सरळ ‘रेक’ म्हणतात.

मात्र ‘हलकं काम आहे, चालतंय तोवर चालवू’ असं म्हणून सोडून दिलेला जुना ट्रॅक्टर जीवावरही बेतू शकतो. त्यामुळे हे काम नक्की काय, ट्रॅक्टर कसा जपायचा आणि कुठे थांबायचं, हे नीट समजून घ्यायला हवं.

आधी त्या अफवेबद्दल

‘दहा वर्षांनी ट्रॅक्टर सक्तीने भंगारात’ असा मेसेज व्हॉट्सअ‍ॅपवर बऱ्याच जणांनी वाचला असेल. तो खोटा होता. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने तसा खुलासाही केला होता.

नियम असा आहे. शेतीचा ट्रॅक्टर हे कायद्याने बिगर-वाहतूक वाहन आहे. त्याची पहिली नोंदणी १५ वर्षांसाठी असते. त्यानंतर आरटीओत तपासणी करून ती एका वेळी ५ वर्षांसाठी वाढवता येते. पिंपरी-चिंचवड, मावळ, खेड, आंबेगाव, जुन्नर या भागातल्या गाड्या ‘एमएच १४’ च्या, त्यामुळे हे काम पिंपरी-चिंचवड आरटीओत होतं.

म्हणजे वय झालं म्हणून कोणी ट्रॅक्टर ओढून नेणार नाही. पण नोंदणी संपली असेल आणि विमा नसेल, तर तो रस्त्यावर काढणं बेकायदा आहे. अपघात झाला तर भरपाईचा सगळा बोजा मालकावर येतो.

दाताळं ते रेक

खळ्यावर किंवा वाफ्यात काडीकचरा ओढायला लाकडी किंवा लोखंडी दाताळं घरोघरी असायचं. रेक म्हणजे ट्रॅक्टरच्या मागे लावलेलं मोठं दाताळं. त्याचे नेहमी दिसणारे दोन प्रकार आहेत.

पहिला, चाकांचा रेक. यात तारेचे दात बसवलेली मोठी चाकं तिरकी लावलेली असतात. ट्रॅक्टर पुढे गेला की ही चाकं जमिनीला घासून आपोआप फिरतात आणि गवत एका बाजूला ढकलत नेतात. याला इंजिनाची वेगळी ताकद लागत नाही.

दुसरा, गोल फिरणारा रेक. मधल्या खांबाभोवती आडव्या दांड्या आणि त्यांच्या टोकाला दात. हा पीटीओ शाफ्टवर चालतो. ओळ छान मोकळी लागते आणि माती कमी मिसळते. किंमत आणि देखभाल मात्र चाकांच्या रेकपेक्षा जास्त.

ओळी लावायच्या कशाला? कारण गठ्ठे बांधणारं यंत्र, म्हणजे बेलर, जमिनीवर पसरलेला माल नीट उचलू शकत नाही. त्याला समोर एकसारखी ओळ लागते. शिवाय ओळीत ओढताना खालची ओली बाजू वर येते आणि माल लवकर वाळतो. बेलर नसला तरी ओळ लागलेली असेल तर दोन माणसं भराभर भारे बांधू शकतात.

जुन्या ट्रॅक्टरलाच हे काम का झेपतं?

नांगर जमीन फाडतो. रोटाव्हेटर माती कुटतो. रेक फक्त मोकळं पडलेलं हलकं गवत सरकवतो. चाकांच्या लहान रेकला २० ते ३० एचपीचा ट्रॅक्टर पुरतो. गोल फिरणाऱ्या मध्यम रेकलाही ३० ते ३५ एचपी पुरेसे होतात. इंजिनावर ताण कमी, डिझेल कमी आणि क्लच-गिअरचा छळही कमी.

अमेरिकेत आणि युरोपात पन्नास-साठ वर्षांपूर्वीचे ट्रॅक्टर आजही गवत ओढायला वापरतात, त्यामागे हेच गणित आहे. योगायोग म्हणजे आपल्याकडचा जुना, ओळखीचा महिंद्रा बी-२७५ याच जगातला. महिंद्राने अमेरिकेच्या इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीबरोबर १९६३ मध्ये भारतात ट्रॅक्टर बनवायला सुरुवात केली, आणि बी-२७५ हे त्याच कंपनीचं मॉडेल होतं. मॅसी १०३५, स्वराज ७३५, आयशर २४२ हे गावोगाव दिसणारे जुने ट्रॅक्टरही याच कामाच्या ताकदीचे आहेत.

बेलरची गोष्ट वेगळी. चौकोनी गठ्ठे बांधणाऱ्या बेलरला साधारण ४० एचपी किंवा त्याहून जास्त ताकद आणि चांगला पीटीओ लागतो. म्हणून सोयीची वाटणी अशी, की जुना ट्रॅक्टर पुढे ओळी लावत जातो आणि मागून नवा किंवा भाड्याचा ट्रॅक्टर बेलर घेऊन येतो. एकाच ट्रॅक्टरला दोन्ही अवजारं आलटून-पालटून जोडण्यात अर्धा दिवस जातो, तो वाचतो.

या पट्ट्यात रेक कुठे चालतो, कुठे नाही

चाकणच्या औद्योगिक वसाहतीतच सीएनएच कंपनीचा कारखाना आहे. ऊस तोडणी यंत्रं आणि न्यू हॉलंडचे बेलर तिथे बनतात. मोशीत भरणाऱ्या किसान प्रदर्शनात अशी यंत्रं बघायला मोठी गर्दी होते. पण यंत्र शेजारच्या गावात बनतं म्हणून ते प्रत्येक वावरात चालेल असं नाही.

ऊस: खेड, आंबेगाव, जुन्नर, शिरूर हा उसाचा भाग. मुळशी-मावळच्या हद्दीवर कासारसाईला संत तुकाराम साखर कारखाना आहे. ऊस तुटल्यावर हेक्टरी साधारण ८ ते १० टन पाचट मागे राहतं. अनेक जण ते पेटवून देतात. त्यात जमिनीतला ओलावा जातो, वरच्या थरातले जिवाणू मरतात आणि धूर शेजारच्या वस्तीत जातो. पिंपरी-चिंचवडच्या कडेला आता ऊस आणि गृहसंकुलं एकमेकांना खेटून आहेत, त्यामुळे हा धूर तक्रारीचा विषय होतो.

मात्र इथे एक सावधगिरी हवी. खोडवा राखायचा असेल तर सगळं पाचट उचलून नेऊ नये. ते सरीत ठेवून कुजवलं तर जमिनीला सेंद्रिय खत मिळतं आणि पाण्याची बचत होते. रेकचा खरा उपयोग आहे तो ऊस मोडून दुसरं पीक घ्यायचं असेल किंवा पाचट विकायचं ठरलं असेल तेव्हा.

भात: मावळात इंद्रायणी भात प्रसिद्ध आहे. वडगाव मावळच्या संशोधन केंद्रातून १९८७ मध्ये तो प्रसारित झाला. पण तिथली खाचरं लहान, बांध उंच आणि कापणी बरीचशी हाताने. पेंढ्या बांधून झोडणी होते, त्यामुळे पेंढा आपोआप गोळा झालेला असतो. तिथे रेकचं काम नाही. जिथे हार्वेस्टरने कापणी होते आणि पेंढा वावरभर पसरतो, तिथेच रेक लागतो.

ज्वारी: कडब्याच्या पेंढ्या बांधून गंजी लागते. इथेही रेक नको.

घास आणि गवत: गोठेवाल्यांसाठी लसूणघास वाळवून ठेवणं फायद्याचं आहे. बैलगाडा शर्यतींना सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये परवानगी दिली आणि मे २०२३ मध्ये संबंधित कायदा वैध ठरवला. त्यानंतर चिखली, भोसरीपासून खेड, मंचरपर्यंत बैल पुन्हा हौसेने सांभाळले जाताहेत. पण जमीन प्लॉटिंगमध्ये गेली, चराऊ रानं संपली आणि गडीमाणूस कंपनीत लागला. अशा वेळी उन्हाळ्यासाठी वैरण साठवणं हा घरच्या हिशोबाचा प्रश्न होतो.

ओढायचं कधी?

गवत अर्धवट सुकलेलं असताना, म्हणजे त्यात ३० ते ४० टक्के ओलावा असताना ओळी लावाव्यात. गठ्ठा बांधताना ओलावा २० टक्क्यांच्या खाली, शक्यतो १५ ते १८ टक्के असावा.

ओलावा मोजायचं यंत्र नसेल तर मूठभर गवत घेऊन दोरीसारखं पिळावं. हाताला ओल लागली किंवा देठ कडकड न मोडता वाकले, तर अजून एक ऊन द्यावं. दुसरी युक्ती मिठाची. कोरड्या बरणीत गवताचे तुकडे आणि चमचाभर कोरडं मीठ टाकून हलवावं. मीठ गोळा झालं तर माल ओला आहे.

घासाच्या बाबतीत वेळ महत्त्वाची. भर दुपारी कडक वाळलेला घास ओढला तर पानं झडतात आणि हातात काड्या उरतात. खरं पोषण पानात असतं. म्हणून सकाळी, दव पूर्ण उडायच्या थोडं आधी घास ओढावा.

रेकचे दात जमिनीला खरवडणार नाहीत, गवताला मात्र धरतील, इतकेच खाली ठेवावेत. जास्त खाली गेले की माती आणि खडे ओळीत येतात. अशी वैरण जनावर टाकून देतं आणि खडा बेलरमध्ये गेला की सुरी-गाठीचं काम निघतं. ट्रॅक्टरही पळवू नये. ताशी ६ ते ८ किलोमीटर, म्हणजे झपाझप चालणाऱ्या माणसापेक्षा थोडा जास्त वेग पुरतो.

धूळ आणि भुसा हेच खरे शत्रू

रेकच्या कामात इंजिनावर ओझं कमी असतं, पण हवेत धूळ आणि काडीचा चुरा भरपूर असतो. जुना ट्रॅक्टर या कामात बिघडतो तो बहुतेक वेळा याच कारणाने. म्हणून पुढच्या गोष्टी रोज बघायच्या.

एअर क्लीनर: जुन्या ट्रॅक्टरला बहुधा तेलाच्या वाटीचा एअर क्लीनर असतो. हवा त्या तेलावरून जाते आणि धूळ तेलात बसते. वाटी रोज उघडून बघावी. तेल खुणेइतकं हवं. तळाला गाळ साचला असेल तर तेल बदलावं. ही वाटी महिनोन्महिने न उघडणं म्हणजे इंजिनात पॉलिश पेपर फिरवणं. पिस्टन आणि लायनर झिजतात आणि मग मोठं काम निघतं.

रेडिएटर: जाळीवर काड्या बसल्या की हवा आत जात नाही आणि इंजिन तापतं. दर दोन-तीन तासांनी ट्रॅक्टर बंद करून जाळी झाडावी. धुताना पाणी किंवा हवा पंख्याच्या बाजूने बाहेरच्या दिशेला मारावी. समोरून मारली तर कचरा अजून आत रुततो. इंजिन गरम असताना रेडिएटरचं झाकण कधीच उघडू नये. आतलं उकळतं पाणी थेट तोंडावर येतं.

फॅन बेल्ट: मधोमध अंगठ्याने दाबल्यावर साधारण एक सेंटिमीटर दबला पाहिजे. फार सैल असेल तर पंखा आणि पाण्याचा पंप घसरतात, फार ताठ असेल तर बेअरिंग जातं.

इंजिन ऑइल: काम सुरू करण्याआधी, सपाट जागेवर, पट्टी पुसून पातळी बघावी. ऑइल दुधासारखं पांढुरकं दिसलं तर त्यात पाणी मिसळतंय. तेव्हा ट्रॅक्टर सुरूच करू नये. ऑइल बदलायचं अंतर कंपनीच्या पुस्तकात तासांमध्ये दिलेलं असतं. जुन्या ट्रॅक्टरचं तासांचं मीटर बहुतेक वेळा बंद असतं, म्हणून वही ठेवावी आणि रोजचे तास लिहावेत.

डिझेल: टाकी संध्याकाळी भरून ठेवावी. रिकाम्या टाकीत रात्री थंडीने पाण्याचे थेंब धरतात आणि सकाळी तेच पंपात जातात. खूप दिवस उभा असलेला ट्रॅक्टर सुरू होऊन लगेच बंद पडत असेल, तर फिल्टरमधलं पाणी काढावं आणि हवा धरली आहे का ते बघावं. फिल्टरवरचा हवा काढायचा बोल्ट सैल करून हातपंप मारायचा, बुडबुडे संपून सलग डिझेल आलं की बोल्ट आवळायचा.

ग्रीस: पुढचा अ‍ॅक्सल, किंग पिन, स्टेअरिंगचे जोड आणि रेकच्या चाकांची बेअरिंग. नवं ग्रीस बाहेर डोकावेपर्यंत मारावं. त्याने आतली धूळ बाहेर येते.

पार्ट मिळत नाही ही जुन्या ट्रॅक्टरची नेहमीची तक्रार. पण या पट्ट्याला एक मोठा आधार आहे. भोसरी आणि चिंचवड एमआयडीसीत लेथ मशीन असलेली असंख्य छोटी वर्कशॉप आहेत. झिजलेला बुश, पिन किंवा रेकचा वाकलेला दांडा नमुना दाखवून तिथे बनवून घेता येतो. ब्रेक, स्टेअरिंग आणि डिझेल पंपाचे पार्ट मात्र कंपनीचेच घ्यावेत. तिथे जुगाड नको.

जीवावर बेतणाऱ्या चार गोष्टी

पीटीओ शाफ्ट: हा मिनिटाला ५४० फेरे मारतो, म्हणजे सेकंदाला ९. उपरण्याचं टोक, साडीचा पदर किंवा ओढणी अडकली आणि माणूस दचकून अर्ध्या सेकंदात मागे सरला, तरी तेवढ्यात शाफ्टने चार वेढे घेतलेले असतात. जुन्या ट्रॅक्टरवरचं शाफ्टचं कव्हर बहुतेक वेळा काढून टाकलेलं असतं. ते आधी बसवावं. गवत अडकलं तर पीटीओ काढायचा, इंजिन बंद करायचं, चावी खिशात टाकायची आणि मगच खाली उतरायचं.

सिंगल क्लच: ही गोष्ट अनेक जुन्या चालकांनाही माहीत नसते. सिंगल क्लचच्या ट्रॅक्टरमध्ये पीटीओ आणि चाकं एकाच गिअरबॉक्सला जोडलेली असतात. क्लच दाबला की इंजिन सुटतं, पण मागे जोरात फिरणारं जड अवजार लगेच थांबत नाही. ते शाफ्टमधून उलटी ताकद देतं आणि क्लच दाबलेला असतानाही ट्रॅक्टर पुढे ढकलला जातो. रेक हलका असल्यामुळे हा धक्का कमी बसतो. बेलर किंवा गवत कापायच्या जड यंत्राने मात्र ट्रॅक्टर थेट बांधावरून किंवा विहिरीत जाऊ शकतो. अशी अवजारं लावायचीच असतील तर शाफ्टवर एकाच दिशेने ताकद देणारा ओव्हररनिंग क्लच बसवून घ्यावा.

उतार: जुन्या ट्रॅक्टरला उलटल्यावर चालकाला वाचवणारी लोखंडी चौकट नसते. लिफ्टवर उचललेल्या रेकने पुढची बाजू हलकी होते आणि स्टेअरिंग लागत नाही. त्यामुळे पुढे वजन लावावं, रेक उचलून उताराला आडवं जाऊ नये आणि मडगार्डवर कोणालाही बसवू नये. पोरांना तर अजिबात नाही.

आग: गरम सायलेन्सर आणि मॅनिफोल्डवर साचलेला भुसा सहज पेट घेतो. दर विश्रांतीला तो झाडावा. बॅटरीच्या उघड्या वायरी टेपने बांधाव्यात. सोबत पाण्याचा कॅन आणि अग्निशामक नळकांडं ठेवावं. ओले गठ्ठे रचून ठेवले तर ते आतून तापतात आणि काही दिवसांनी स्वतःच पेटू शकतात. गंजीत हात घातल्यावर चटका लागला किंवा उबट, करपट वास आला, तर तो इशारा समजावा.

यात रस्त्याचाही धोका आहेच. पुणे-नाशिक महामार्ग आणि चाकण-तळेगाव रस्त्यावर कंटेनरची वर्दळ दिवसरात्र असते. अंधारात मागचा दिवा नसलेला ट्रॅक्टर आणि बाहेर आलेले रेकचे दात लांबून दिसत नाहीत. रेक दुमडून बांधावा, मागे लाल रिफ्लेक्टर लावावेत आणि दोन्ही ब्रेक पेडल कडीने जोडावेत. शेतात वळायला वेगवेगळे ब्रेक उपयोगी पडतात, पण रस्त्यावर एकच ब्रेक दाबला गेला तर ट्रॅक्टर गर्रकन फिरतो. शक्य असेल तर अंधार पडायच्या आत घरी परतावं.

मग ठेवायचा की विकायचा?

फिटरला बोलवून ट्रॅक्टर तपासताना दोष दोन भागांत वाटून बघावेत.

चालून जाणारे दोष: इंजिन थोडं ऑइल खातं, ताकद कमी झाली आहे, सुरुवातीला निळसर धूर निघतो, लिफ्ट हळूहळू खाली बसते. रेकला ताकद कमी लागते. आणि मागून ओढायचा चाकांचा रेक घेतला तर लिफ्टची फारशी गरजही पडत नाही.

न चालणारे दोष: ब्रेक लागत नाहीत, स्टेअरिंगमध्ये मोठा प्ले आहे, टायरला आतून चिरा आहेत, गिअर आपोआप सुटतो, डिझेल गळतं, पीटीओ बंद होत नाही. यातलं एकही दुरुस्त झाल्याशिवाय ट्रॅक्टर बाहेर काढू नये. दुरुस्तीचा खर्च त्याच्या बाजारभावाच्या जवळ जात असेल, तर मोह सोडलेला बरा.

रेक विकत घ्यायचा विचार असेल तर आधी अनुदानाची चौकशी करावी. शेती अवजारांच्या अनुदानाचे अर्ज महाडीबीटी पोर्टलवर भरले जातात. चालू वर्षी कोणतं अवजार यादीत आहे, ते तालुका कृषी कार्यालयात विचारूनच पैसे गुंतवावेत. दोन-चार एकरांसाठी एकट्याने रेक घेण्यापेक्षा भावकीत किंवा गटात मिळून घेतला तर तो वर्षातले जास्त दिवस कामाला लागतो.

आणि हंगाम संपल्यावर जुना ट्रॅक्टर पुन्हा झाडाखाली तसाच उभा करू नये. बॅटरीची वायर काढावी, टाकी भरावी, रेडिएटरचं पाणी बघावं, टायर फळ्यांवर घ्यावेत आणि वर छप्पर नसेल तर सायलेन्सरच्या तोंडावर डबा उपडा घालावा. त्या उघड्या तोंडातून पावसाचं पाणी थेट इंजिनात जातं, आणि पुढच्या हंगामात सेल मारल्यावर काहीच होत नाही. एका रिकाम्या डब्याने वाचणारं इंजिन अनेकांनी असंच घालवलं आहे.